मिस ओलेथा तोंड उघडत नाहीत

कॉलेजकडून आलेलं काहीही, अगदी नाताळचं कॅलेंडरसुद्धा, घरात घ्यायचं नाही, असा ओलेथा ग्रिग्जचा नियम होता.

ओहायोतल्या त्या शहरात हे कॉलेज सुरुवातीला एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या माडीवर भरायचं. दिवसभर कारखान्यात राबलेली माणसं संध्याकाळी तिथं टायपिंग शिकायची. ओलेथाची आईही शिकली. पुढं कॉलेजला जागा अपुरी पडली आणि सूटवाली माणसं ओलेथाच्या गल्लीत आली. आईच्या हातचा केक खाऊन, तोंड भरून कौतुक करून गेली. वर्षभरात आईच्या घरासकट गल्ली जमीनदोस्त झाली आणि तिथं नर्सिंगची इमारत उभी राहिली. त्याच कॉलेजात नंतर ओलेथाचा भाऊ वेल्डिंग शिकला, भाची एसी दुरुस्ती शिकली, दोघांचंही बस्तान बसलं. ओलेथा त्यांच्या पदवी समारंभाला फिरकली नाही. हट्टी बाई! जन्मभर शाळेच्या मुदपाकखान्यात पोरांना वाढलं, पण कुणी तिला वाढायला आलं की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची.

म्हणून शेजारची जॅनेल एकाएकी गोडीगुलाबीनं वागायला लागली, तेव्हा ओलेथाच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी त्याच कॉलेजात जात होती. कधी मक्याचा पाव आणून दे, कधी अंगणातला बर्फ ओढ. आणि ओलेथा हसली की टक लावून तिच्या तोंडात बघायची.

"स्पष्ट बोल पोरी," एके दिवशी ओलेथा दारातच कडाडली. "घर हवंय का त्यांना? आईचं झालं, आता माझं?"

"घर नाही हो, मिस ओलेथा." जॅनेल अवघडली. "दात हवेत."

"काय?"

"दात साफ करण्याचा कोर्स करतेय मी. परीक्षेला पेशंट आपला आपणच शोधायचा. दातांवर जुनं, कडक कीटण लागतं. स्वच्छ दातांचा माणूस नेला तर परत पाठवतात. आणि तुमचे दात... म्हणजे, अख्ख्या चर्चमध्ये तुमच्यासारखे नाहीत कुणाचे."

"कौतुक करतेस की अब्रू काढतेस?"

तरी ती तयार झाली. पोरीवर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर आत काय चालतं ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. परीक्षेच्या दिवशी तिनं रक्तदाबाची गोळी मुद्दामच घेतली नाही. ते काहीबाही टोचतील, गोळीनं गुंगी येईल आणि नको त्या कागदावर सही करून घेतील, असा तिचा हिशेब.

खुर्चीत बसल्यावर परीक्षकांनी दंडाला पट्टा गुंडाळला. थोडं थांबून पुन्हा गुंडाळला. मग मान हलवली. रक्तदाब इतका चढलेला पेशंट चालणार नाही, नियम म्हणजे नियम.

"सकाळची गोळी घेतली होती ना?" त्यांनी विचारलं.

ओलेथानं नजर चुकवली. जॅनेलनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. शेजारच्या खुर्च्यांवर बाकीच्या पोरींची परीक्षा सुरू झाली होती. जॅनेल आपली हत्यारं मुकाट्यानं कापडात गुंडाळत राहिली. ओलेथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ओलेथा पडद्याआडून शेजारच्या दाराकडे बघत बसली. आता पोरगी कशाला येतेय? काम होतं तोवर मक्याचा पाव. आपण म्हणत होतो तेच खरं, असं ती स्वतःला बजावत होती, आणि तसं ते खरं ठरावं असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

संध्याकाळी दार वाजलं. जॅनेल रिकाम्या हातानं उभी होती. डोळे सुजलेले.

"गोळी घेतली?"

"आता काय हवंय तुला?" ओलेथानं सवयीनं विचारलं.

"सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा आहे. मेलेल्या बाईचे दात चालत नाहीत तिथं." पोरगी थेट स्वयंपाकघरात शिरली, पेला भरून आणला आणि समोर धरला. "आणि परीक्षा नसती तरी विचारलं असतं. घ्या!"

ओलेथानं पेल्याकडे पाहिलं, पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याली. जॅनेल जागची हलली नाही. भुवया आवळून तशीच बघत राहिली.

"विश्वास नाही वाटतं माझ्यावर?" ओलेथा म्हणाली.

"अजिबात नाही."

मग ओलेथानं खिडकीच्या उजेडाकडे तोंड केलं आणि गिळली की नाही ते पोरीला बघता यावं म्हणून आपणहून मोठा आ केला.