एकाच गठ्ठ्यातली साडी

जे आजवर कुणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. एका बाईसाठी आलेली साडी मी दुसऱ्याच बाईला देऊन टाकली. जिची होती तिनं विचारलं, तेव्हा तिच्याशी खोटं बोललो. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच म्हणत आलो.

जिची साडी होती, ती आमच्या शाळेत बालवर्गाची मदतनीस होती. तिचं नाव इथं लिहीत नाही. मला तो हक्क उरलेला नाही.

सकाळी ती वर्गाच्या दारात उभी दिसायची, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात पुढं केलेले. आईच्या कडेवरून रडणारं लेकरू ती असं उचलून घ्यायची, की त्याला रडायचं का थांबलो तेच कळायचं नाही. "आन हिकडं. अन् तू जा. तू हाय तवर ते रडून राहिलं." आई रेंगाळलीच, तर तिला दम मिळायचा. "तुला बसायचं हाय का वर्गात? मंग पाटी आन घरून."

जवळा बाजारची आमची शाळा खाजगी होती, नुकतीच निघालेली, पत्र्याच्या खोल्यांची. हिंगोली जिल्हा व्हायचा होता, साध्या सहीसाठीही परभणी गाठावी लागायची. मी तिथं तात्पुरता शिक्षक होतो. कायमची ऑर्डर आज निघेल, उद्या निघेल, यावर माझं लग्नानंतरचं सगळं घर टांगलेलं होतं. ती जवळच्या तांड्यावरून चालत यायची. नवरा वारंगा फाट्यावर ट्रकच्या टायरची पंक्चरं काढायचा, आठवड्याच्या बाजाराला घरी यायचा.

पोरं तिला याडी म्हणत. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तांड्यावरच्या एका पोरीनं वर्गात तशी हाक मारली, आणि ती सगळ्या वर्गानं उचलली. देवळातल्या पुजाऱ्यांची नात घरी जाऊन आजीलाही याडी म्हणू लागली, तेव्हा आजी तरातरा शाळेत आल्या. "ही कुठली भाषा शिकवता हो पोरीला?"

ही हात पुसत बाहेर आली. "आजी, आई म्हणूनच राहिली ना ती? शिवी तर देत न्हाई." मग जरा थांबून, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मी बी म्हणू का तुमाला याडी?" आजींना हसू आवरेना. जाताना पदराच्या गाठीचा प्रसाद त्यांनी हिच्याच हातावर ठेवला.

बालवर्गाच्या बाई मवाळ स्वभावाच्या, नवऱ्याच्या बदलीनं गावात आलेल्या. दोघींचं जमायचं छान. बाईंनी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं रे काढलं, की मागून आवाज यायचा, "थांबा बाई. आधी नाक पुसू द्या, मंग तुमचं अ आ." बाई खडू धरून मुकाट्यानं थांबायच्या.

माझ्यावरही तिची नजर असे. इस्त्रीचा शर्ट घातला, की ठरलेला प्रश्न यायचा, "आज कुनाचं लगीन हाय गुर्जी?" आणि मोठ्या गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, कुठलंही काम सांगितलं, की आधी "काहून?" विचारायची. कारण कळलं, पटलं, की म्हणायची, "बराबर हाय," आणि कामाला लागायची.

एक गोष्ट मी पुष्कळ दिवस पाहिली, पण कळली उशिरा. वर्गात एखाद्या पोरानं जागेवरच ओलं केलं, की तिच्या हातून नेमका पाण्याचा तांब्या सांडायचा. सगळी सतरंजी ओली. "सांडलं माझ्या हातून, उठा रे सगळे." मग कुणाची चड्डी कशानं ओली, ते कुणाला कळायचं नाही. मोठे गुरुजी म्हणायचे, "मावशी, हाताला काही पकड आहे का तुमच्या?" ती म्हणायची, "म्हातारी होऊन राहिले गुर्जी." तेव्हा तिची पस्तिशीही उलटली नसावी.

वर्ष संपताना बालवर्गाचा निरोप व्हायचा. पालक वर्गणी काढायचे. बाईंना साडी मिळायची, मदतनिसाला ब्लाऊजपीस. असंच चालायचं, त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नव्हतं. त्या वर्षी मात्र कापड दुकानाच्या वहिनी पालकांच्या बैठकीत उभ्या राहिल्या. त्यांचा धाकटा बालवर्गात होता, सदा आजारी असायचा.

"माझं लेकरू ओकलं तर धुते कोण? झोपलं तर मांडीवर घेते कोण? बाई शिकवतात, त्यांचा मान हायेच. पण हिला ब्लाऊजपीस देताना माझा हात उचलत न्हाई आता. यंदा दोघींला एकच साडी. एकाच गठ्ठ्यातली."

कुणीतरी म्हणालं, "रंग तरी वेगळा घ्या. बाईंना कसं वाटंल?"

बाई तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, "रंगही तोच घ्या. दोघी मिळून नेसू."

मोरपंखी रंगाच्या, बारीक जरीकाठाच्या दोन साड्या ठरल्या. वहिनींच्या पोटात गोष्ट राहायची नाही. दुसऱ्याच दिवशी पोराला सोडायला आल्या, तेव्हा हिच्या कानात सांगून गेल्या. सुटीच्या वेळी ही बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, खरंच सारखी? तुमच्यासारखीच?" बाई म्हणाल्या, "अगदी सारखी." ती म्हणाली, "बराबर हाय," आणि झाडू घेऊन अंगणात गेली. अंगण सकाळीच झाडलेलं होतं.

निरोपाच्या दिवशी आहेराची खोली माझ्याकडं होती. सगळी पुडकी एकाच गुलाबी कागदात, वर नावाच्या चिठ्ठ्या टाचलेल्या. संस्थेचे अध्यक्ष पाहुणे म्हणून येणार होते, त्यांची शाल तयार होती. ते आले, आणि सोबत त्यांच्या पत्नीही आल्या. त्या येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोठ्या गुरुजींनी दारातून डोकं आत घातलं. "बाईसाहेब बी आल्यात. रिकामं कसं पाठवायचं? बघा काहीतरी." आणि ते मंडपाकडं पळाले.

त्यांनी साडीचं नाव काढलं नव्हतं. शाल बाईसाहेबांना देता आली असती. नुसता नारळ दिला असता, तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण माझ्या डोळ्यापुढं माझी ऑर्डर होती, आणि ती ज्यांच्या हातात होती ते मंडपात पंख्याखाली बसले होते. मी मदतनिसाच्या पुडक्यावरची चिठ्ठी काढली आणि ते पुडकं बाईसाहेबांसाठी बाजूला ठेवलं. तिच्यासाठी खोलीतल्या जादा आहेरातला एक ब्लाऊजपीस घेतला. पण पुडकं फारच बारीक दिसायला लागलं. म्हणून कपाटातलं टेबलावर अंथरायचं कोरं कापड घडी करून त्यात घातलं, वजन येईल एवढं. गुलाबी कागद लावला. तिची चिठ्ठी टाचली.

मनाशी म्हणालो, आहेर फिरतच असतो. आठवड्यात तशीच साडी आणून देऊ. पण ती साडी मिळणार वहिनींच्या दुकानात, आणि गल्ल्यापाशी वहिनीच. "गुरुजी, हीच काहून पाहिजे?" म्हणाल्या तर काय सांगणार होतो? वसमतला, हिंगोलीला दुकानं नव्हती असं नाही. मी गेलो नाही.

मंडपात तिचं नाव पुकारलं, तेव्हा बायकांच्या बाजूनं सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. वहिनी तर उभ्याच राहिल्या. तिनं पुडकं कपाळाला लावलं, छातीशी धरलं आणि समोरच्या सगळ्या आयांना हात जोडले. मी पडद्याआडून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ती शाळा उघडण्याआधीच आली. पिशवीत तेच पुडकं होतं, कागद नीट घडी करून परत लावलेला. मी एकटाच होतो.

"गुर्जी, गडबडीत पुडकं बदललं का वो? हे बघा, हे कापड तर टेबलाचं दिसून राहिलं." ती हसत होती. चूक माझी असली, तरी मला लाजल्यासारखं होऊ नये, असं हसत होती. "माझ्या घरी टेबल न्हाई गुर्जी."

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. तिनं स्वतःच वाट करून दिली होती. हो मावशी, बदललं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "नाही. पालकांनी तेच ठरवलं होतं."

"काहून? वहिनी तर म्हनल्या…"

"नंतर बदललं त्यांचं. बायकांचं काय, आज एक, उद्या एक."

तिचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि मला वाटतं, ते कसं उतरवावं हे तिला सुचत नव्हतं. मग "बराबर हाय" म्हणाली आणि पुडकं पिशवीत ठेवलं.

एक मेला झेंडावंदन आणि निकाल. बाई मोरपंखी साडी नेसून आल्या. ही आपल्या नेहमीच्या, धुऊन विटलेल्या साडीत. बाईंनी सगळ्या आयांच्या देखत, अगदी प्रेमानं विचारलं, "मावशी, नेसल्या नाहीत काहून? आपलं ठरलं होतं ना?"

तिनं बाईंच्या साडीकडं पाहिलं. काठाकडं पाहिलं. आपली टिंगल चालली आहे असं तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटेल? ती म्हणाली, "आमाला काय शोभतंय बाई तसलं. तुमचं तुमाला शोभतंय."

बाईंचा चेहरा पडला. वहिनींनी तोंड फिरवलं. मागं एक पालकबाई दुसरीला म्हणाली, "बघा, एवढं देऊन बी." त्यांना वाटलं, हिला माज आला. हिला वाटलं, त्यांनी हिचं हसं केलं. खरं काय ते त्या अंगणात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो निकालपत्रकं वाटत होता.

एकमेकींशी बोलून त्यांनी उलगडा करून घेतला असता, असं तुम्हाला वाटेल. पण दिलेल्या आहेराबद्दल कोण विचारतं, आणि न मिळालेल्याबद्दल कोण बोलतं? माझं खोटं टिकलं ते या रीतीवरच.

जूनमध्ये ती आली नाही. नवऱ्यानं निरोप आणला, आता तीही फाट्यावरच राहणार. पहिल्या दिवशी दारात पोरं याडी, याडी करून रडत होती आणि बाईंना एकही उचलून घेता येईना. त्याच महिन्यात माझी ऑर्डर निघाली. ती उन्हाळ्याआधीच मंजूर झाली होती, सहीचा कागद तेवढा परभणीत पडून होता. हे मला नंतर कळलं.

खूप वर्षांनी नांदेडहून येताना आमची गाडी वारंगा फाट्यावर चहाला थांबली. ढाब्याच्या मागच्या बाजूला ती भाकरी थापत होती. मी तोंड वळवलं, पण तिनंच ओळखलं. "गुर्जी! आज कुनाचं लगीन?"

हात पिठाचे तसेच ठेवून तिनं पोराला चहा आणायला लावला. एकेका लेकराची चौकशी केली. पुजाऱ्यांची नात औरंगाबादला शिकते म्हटल्यावर म्हणाली, "मला वळखल का?"

"ओळखेल की."

"न्हाई वळखायची. लई लहान व्हती." मग भाकरी उलटत म्हणाली, "त्यांच्या आयांवर माझा राग न्हाई गुर्जी. मोठी मान्सं. पण लेकरं माझी व्हती, बराबर का न्हाई?"

मी म्हणालो, "मावशी, त्या साडीचं…"

"ऱ्हाऊ द्या. चहा निवून राहिला तुमचा."

तेवढ्यात कंडक्टरनं हाक दिली. मी उठलो. खरं लिहितो, ती हाक ऐकून मला बरं वाटलं होतं.

ती गेल्याचं मला तांड्यावरच्या एका माणसानं बाजारात सांगितलं. कावीळ झाली होती. माती होऊन महिना उलटला होता. मी तसाच वहिनींच्या दुकानात गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ती गेली, एवढं सांगून झालं, आणि वहिनी खाली बसल्या. बराच वेळ पदर डोळ्याला लावून होत्या.

"बाईंसारखीच साडी दिली होती वो तिला," त्या म्हणाल्या. "एकदा अंगाला लावली न्हाई. जाताना माझ्या लेकराला भेटून बी गेली न्हाई. आमचं काय चुकलं गुरुजी? तुमाला काही बोलली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

बाई बदली होऊन कुठं गेल्या, मला माहीत नाही. वहिनी अजून आहेत. दुकान मुलगा बघतो, त्या दुपारी गादीवर येऊन बसतात, कमी ऐकू येतं. मी त्यांच्यासमोरून रोज जातो. मेलेल्या बाईची साडी आता मला फेडता येणार नाही. पण तिनं त्यांचा आहेर नाकारला नव्हता, तो तिच्यापर्यंत मीच पोचू दिला नाही, हे वहिनींना सांगायचं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.