मला दोन्ही वेळा समजले होते

"फुल सेंटेन्स," साहेब म्हणाले आणि टेबलावरची पितळी घंटा बोटाने दाबली. टिंग.

मी केबिनच्या दारात उभा होतो. वय एकोणीस. खाकी शर्टावर फौंड्रीची काळी वाळू. गगनबावड्याहून माझ्या वडिलांना टेम्पोत घालून कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आणल्याचा निरोप आला होता. मला गेटपास हवा होता.

"माय फादर हॉस्पिटल."

टिंग.

"माय फादर इन हॉस्पिटल."

टिंग. कारकुनांच्या टेबलांवरून हसू आले. साहेबांचा नियम असा होता, की केबिनमध्ये मराठी चालणार नाही, आणि इंग्रजी वाक्य अपुरे असेल तर माघारी जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहायचे. मी तीन वेळा रांगेच्या शेवटी गेलो. चौथ्या वेळी टाइपिस्टबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेले वाक्य वाचले. पास मिळाला.

वडील वाचले. पुढे अकरा वर्षे जगले. हे आधीच सांगतो, कारण माझ्या अपमानाला मरणाची फोडणी द्यायची गरज नाही. तो तसाही पुरेसा अपमान होता.

आता लोक हा प्रसंग कसा सांगतात ते ऐका. जुने सहकारी सांगतात, की साहेबांनी पोराला वळण लावले, त्या घंटेमुळे तो इंग्रजी शिकला, सुपरवायझर झाला. खोटे आहे. इंग्रजी मी शिकलो ते टाइपिस्टबाईंकडून, जेवणाच्या सुट्टीत, डबा न खाता. घंटेमुळे मी एवढेच शिकलो, की घंटा ज्याच्या हाताखाली असते तो हसतो आणि समोरचा घामाघूम होतो.

पण त्या लोकांना खोटे ठरवताना मला स्वतःलाही ठरवावे लागते. साहेब निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ती घंटा सर्वांदेखत मला दिली. मी दोन्ही हातांनी घेतली. वाकून पायाही पडलो. आणि नंतर चाळीस वर्षे हा किस्सा मीच लोकांना हसत हसत सांगत आलो.

निवृत्तीनंतर मी राजारामपुरीत एका दुकानाच्या माडीवर इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला. टेबलावर ती घंटा ठेवली. वाक्य अपुरे असेल तर टिंग. मुलांचे आईबाप म्हणत, "मास्तर कडक आहेत, पण पोरगं बोलायला लागतं." मला ते आवडे.

गेल्या वर्षी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे मालक माझ्याकडे आले. व्हिएतनामच्या एका कंपनीशी त्यांचा करार झाला होता आणि तिकडचे सहा जण इथे काम पाहायला येणार होते. पाच जणांना कामापुरते इंग्रजी येत होते. सहावी ल्येन. वय तिशीच्या आत, तपासणी विभागातली, हुशार. तिला वाक्य जुळवता येत नव्हते. आठवड्यातून तीन दिवस ती माझ्या माडीवर येऊ लागली.

पहिल्या दिवशी तिने वही उघडली, माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "सर, यू हाऊ ओल्ड?"

टिंग. घंटेपाठोपाठ वर्ग हसला. मला तो आगाऊपणा वाटला.

पुष्कळ नंतर कळले, की तिच्या भाषेत 'मी' आणि 'तू' यांना सरसकट चालेल असा शब्द नाही. समोरच्याचे वय पाहून आपण भाची व्हायचे, नात व्हायचे की धाकटी बहीण, ते ठरवावे लागते. ती मला काय म्हणायचे ते विचारत होती. ज्या गावात अनोळखी माणसालाही पावणं म्हणून हाक मारतात आणि भाजीवालीला मावशी म्हणतात, त्या गावच्या माणसाला हे त्याच क्षणी कळायला हवे होते. मी तिला "काका म्हण" असे सांगू शकलो असतो. सांगितले नाही.

तिच्या भाषेत क्रियापदाचे रूप बदलत नाही. काल, आज, उद्या एवढे सांगितले की काळ कळतो. 'पाणी गरम' म्हटले की वाक्य झाले, 'आहे' लागत नाही. आपण तरी बादलीत हात घालून काय ओरडतो? पण मी दर वेळी घंटा वाजवत होतो. तिच्या कानांच्या पाळ्या लाल होत. ती पुन्हा म्हणे. पुन्हा टिंग.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा इंग्रजीचा क्रम तिच्या भाषेतही तसाच आहे. मराठीत शेवटी बसलेले क्रियापद उचलून मध्ये आणायला मला दोन वर्षे लागली होती. ती ते घेऊनच आली होती. मला तिचा हेवा वाटत होता. माझ्या शिस्तीचे खरे नाव ते होते.

आता त्या दिवसाचे.

कंपनीत पाहुणे आले होते. मालकांचा फोन आला, "मास्तर, घंटा घेऊन या. ल्येनची प्रगती दाखवू पाहुण्यांना. जरा गंमत होईल." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. भट्टीपासून वीस पावलांवर पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, समोर टेबल, टेबलावर माझी घंटा. भट्टीवर दत्तू होता. त्याला मी नोकरीत असल्यापासून ओळखतो. वितळलेले लोखंड ज्या भांड्यात काढतात ती लॅडल त्याने भट्टीपुढे आणली होती. लॅडलच्या आतले मातीचे अस्तर सकाळीच नवे केले होते. ते पूर्ण सुकवावे लागते. ओल राहिली आणि त्यावर तापलेले लोखंड पडले, तर ते बाँबसारखे उसळते. फौंड्रीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

ल्येन दोन वाक्ये चांगली म्हणाली. टाळ्या झाल्या. मग तिची नजर लॅडलकडे गेली. आतल्या अस्तरावर ओलीचा काळपट डाग होता. तिचा चेहरा बदलला.

"सर, लॅडल वेट."

मी घंटा दाबली.

पाहुणे हसले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला.

"लॅडल वेट! नो पोअर!"

ओतू नका म्हणत होती ती. मी पुन्हा दाबली. "फुल सेंटेन्स," मी म्हणालो. शब्द माझे, आवाज साहेबांचा.

दत्तूने भट्टीवरून हाक दिली, "ओ मास्तर, बाई काय म्हणत्यात?"

आणि मी, माझ्या तोंडाने, सर्वांदेखत उत्तर दिले, "अरे, तिचं वाक्य अजून पुरं झालेलं नाही."

मोठा हशा झाला. दत्तूही हसला. त्याने भट्टी कलती केली.

ल्येनने तिसऱ्यांदा वाक्य जुळवले नाही. ती खेळ सोडून धावली. दत्तूला शर्टाला धरून मागे ओढले. त्याच वेळी लोखंड उसळले. दत्तूचे डावे पाऊल भाजले. तिचा उजवा हात कोपरापर्यंत. ती धावली नसती तर दत्तू आज नसता.

चार दिवसांनी मालक कागद घेऊन माझ्या माडीवर आले. अपघाताची सरकारी चौकशी होणार होती. कागदावर लिहिले होते, की प्रशिक्षणार्थी महिलेस धोका इंग्रजीत स्पष्टपणे सांगता आला नाही, आणि तिच्या भाषा-शिक्षकांचेही तेच मत आहे. खाली सहीसाठी जागा.

"हिचं काय होणार?" मी विचारले.

"काय व्हायचंय? परत पाठवू. तिकडं तिची कंपनी बघून घेईल."

"नोकरी जाईल तिची."

"मास्तर, तुम्हीच म्हणाला होता की, वाक्य पुरं झालं न्हाय. सगळ्यांनी ऐकलंय. मी काय खोटं लिहिलंय व्हय?"

मी पेन उचलले होते. हे लपवत नाही. मग म्हणालो, "उद्या देतो."

दुपारी दवाखान्यात गेलो. ल्येन खिडकीपाशी बसली होती, हात पट्ट्यांत. मी खुर्ची ओढली. तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "सर. यू अंडरस्टँड?"

मी म्हणालो, "येस."

"टू टाइम?"

"येस."

तिने मान हलवली. तिला ते माहीतच होते. मग तिने विचारले, "व्हाय बेल?"

दोनच शब्द. एकोणीस वर्षांचा असताना मी साहेबांना हेच विचारायला हवे होते. माझे वडील दवाखान्यात आहेत हे साहेबांना पहिल्याच वेळी समजले होते. मग घंटा कशाला? ते मी विचारले नाही, म्हणून तो प्रश्न एका परक्या मुलीला, भाजलेल्या हाताने, मला विचारावा लागला.

खालच्या मजल्यावर दत्तू होता. तो मला सुटका देऊ पाहत होता. "मास्तर, तुमास्नी बी कळलं नसंल. न्हवं का?"

"कळलं होतं, दत्तू."

त्याने पायाकडे पाहिले. मग छताकडे. "मी इचारलं हुतं की तुमास्नी," तो म्हणाला. आणि भिंतीकडे तोंड केले.

दुसऱ्या दिवशी मालक आले तेव्हा त्यांचा कागद मी सही न करताच परत दिला आणि माझ्या हाताने मराठीत लिहिलेला दुसरा कागद पुढे ठेवला. तिने धोका सांगितला. दोनदा सांगितला. मला समजला. दत्तूने मला विचारले आणि मी सांगितले नाही. खाली माझी सही.

मालकांनी उभ्याउभ्याच वाचले. "वय झालंय तुमचं. गोंधळ हुतोय. लेकाला तुमच्या बोलावून घेऊ काय?"

"खुशाल बोलवा," मी म्हणालो. "त्यालाही हेच सांगेन."

आता एमआयडीसीत नवी हकिकत फिरते आहे, की मास्तरांचे डोके फिरले, म्हातारपणी परदेशी पोरीच्या नादाने स्वतःवर आळ घेतला. जी माणसे साहेबांची हकिकत खोटी सांगत होती, तीच ही सांगत आहेत. सांगू देत. माझे डोके शाबूत आहे. मला घंटेचे दोन्ही आवाज आठवतात, मधले हसणे आठवते, आणि पहिल्या टिंगच्या आधी माझ्या मनात उमटलेले वाक्यही आठवते. लॅडल ओली आहे. शुद्ध मराठीत, क्रियापदासकट. ते मी दत्तूला ओरडून सांगितले नाही.

वर्ग मी बंद केला आहे. शिकवायचा हक्क मला राहिलेला नाही, आणि तो परत मिळेल असे कोणी मला सांगायला येऊ नये. ल्येनने मला माफ केलेले नाही. मी मागितलेलीही नाही.

सोमवारी चौकशी आहे. घंटा पिशवीत भरून ठेवली आहे. ती अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवीन आणि कशी वाजवतात ते दाखवीन. मग तिचे शब्द ती म्हणाली तसेच म्हणेन. लॅडल वेट. नो पोअर. त्यात माझा एकही शब्द घालणार नाही. कोणी म्हणाले की हे वाक्य अपुरे आहे, तर सांगेन, की ते पुरे होते. दोन्ही वेळा पुरे होते.