मी लूप लहान केली!

आधीच सांगतो, हसायचं नाय. हसणार असाल तर सांगतच नाय! …जाऊ द्या, तुम्ही हसणारच.

तर दहावीत गणितानं मला चितपट केलं आन मामानं गंगापूरहून उचलून चितेगावच्या कंपनीत चिकटवलं. मामा तिथं फोरमन. भेटंल त्याला सांगायचा, "माझा भाचा हाय. डोकं लई चालतं त्याचं!"

काम काय? ट्रान्झिस्टर चालू-बंद करायचा आन त्यातनं करंट किती पळाला ते मोजायचं. घरच्या बटनावानी नाय हां! तुमची पापणी लवायच्या आत ह्याचं सगळं उरकलेलं असतं.

मोजायला एक लवचिक पट्टा असतो, आतून तारेचे बारीक वेढे. ट्रान्झिस्टरच्या पायाभोवती गोल अडकवला की पडद्यावर करंटची रेघ उमटते. मी तो मनगटात कडं म्हणून मिरवायचो. टेस्टिंगच्या मॅडमनी पाहिलं की लगेच, "पुसत होतो, मॅडम!"

त्या दिवशी पुण्याचे साहेब यायचे होते. माप नीट दिसलं तरच ऑर्डर. मामा कानात म्हणला, "आज काही उद्योग केलास तर माझं नाक कापलं जाईल, आन तू परत कापूस येचायला!"

मॅडमनी टेस्ट लावली, तर रेघ कशी? भिजलेल्या कोकरावानी थरथरती.

"शी! केवढं रिंगिंग येतंय!"

मी खिसा चाचपला. "माझा सायलेंटवर हाय, मॅडम."

"फोनचं नाही रे, रेघेचं थरथरणं! ती लूप मोठी झालीय. लहान कर तेवढी. मी साहेबांना घेऊन येते."

आता तुम्हीच सांगा, लूप म्हंजी काय? गोल! मंग टेबलावर गोल काय? पट्टा!

मामा दारातून म्हणला, "आरं, इचार की त्यांना एकदा."

"इचारायचं काय त्यात? आईनं माझ्या किती पँटी लहान केल्यात!"

मामा साहेबांसाठी खुर्ची आणायला गेला. मी मेन बंद केला, कटर घेतला, कच्चकन तुकडा उडवला, उरलेला आवळून चिकटपट्टी मारली, मेन परत चालू केला. अशी फिटिंग, की शिंप्यानं सलाम ठोकावा!

साहेब आले, मागनं खुर्ची घेऊन मामा. मॅडमनी बटन दाबलं. रेघ एकदम सरळ, काडीसारखी!

मी छाती काढून म्हणलं, "बघा! रिंगिंग खल्लास!"

साहेब वाकले. "करंट किती दाखवतोय?"

मॅडमनी पडद्यावरचा आकडा वाचला. "…शून्य." मंग त्यांना पट्टा दिसला. "हे काय केलंस?"

"लूप लहान केली."

"अरे ही नाही! त्या मोजायच्या सुईची, प्रोबची, काळी वायर लोंबतेय ना, तिची लूप! नुसता पीळ देऊन आखूड करायची होती!"

"मंग 'पीळ' म्हणायचं ना!"

साहेबांनी इचारलं, "हा मुलगा कुणाचा?"

सगळ्यांनी मामाकडं बघितलं. मामानं छताकडं बघितलं. "काय की, साहेब… चहावाल्याचं पोरगं दिसतंय."

आता सख्ख्या मामाचं नाक वाचवायचं म्हणल्यावर मी तरी काय करणार? मान खाली घालून इचारलं,

"साहेब, चहात साखर कमी टाकू की नेहमीएवढी?"