बेटावरच्या धावपट्टीचं समुद्राकडचं टोक

जायचं ठरलं ते पोहे खाताना. बाहेर कॅनडातल्या वॉटर्लूचा मार्च होता, म्हणजे कॅलेंडरात वसंत आणि दारात बर्फ. श्रीधर, माझा मुलगा, ड्राइव्ह-वे शोव्हल करून लालबुंद नाक घेऊन आत आला होता. रेवा, माझी नात, फोनवर कुठल्याशा बेटाचा व्हिडिओ बघत होती. एक पोरगा निळ्या पाण्यापुढे उभा राहून ओरडत होता, की इथली धावपट्टी आता लांब केलीय, पुढच्या हिवाळ्यापासून मोठी विमानं थेट उतरणार, तिकिटं काढा. मी पोरग्याकडे बघतच नव्हते. त्याच्या मागचा डोंगर बघत होते. वरून कुणीतरी एक घास खाल्ल्यासारखा डोंगर. तो मी कुठंही ओळखीन.

"मला इथं घेऊन चल," मी म्हटलं.

श्रीधर हसला. "आई, तुला समुद्र आवडत नाही. नायगाऱ्याला नेलं तर म्हणालीस, केवढं पाणी फुकट चाललंय."

"तुझी बहीण आहे तिथं," मी म्हटलं.

रेवानं फोन पालथा ठेवला.

आमच्या घरात ही गोष्ट कधी बोलली गेली नाही, म्हणून इथं या ब्लॉगवर नीट सांगते. हे, म्हणजे श्रीधरचे वडील, वायरमन होते. लग्नानंतर दोन वर्षांनी एका कंत्राटदाराबरोबर त्या बेटावर गेले, विमानतळाचे दिवे बसवायला. बार्शीच्या बाहेर न पडलेली मी त्यांच्या मागून गेले. मुलगी तिथंच झाली आणि आठ महिन्यांची होऊन तापानं तिथंच गेली. दात न आलेल्या लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. वर दगड नाही, खूण नाही, परत त्या जागी जाणंही नाही. आणि बायका तर जातच नाहीत. यांनी तिला कापडात गुंडाळलं, हाताखालच्या एका माणसाला घेतलं, घरातलं सगळं मीठ बरोबर नेलं आणि दिवस बुडायच्या आत परत आले. एवढंच म्हणाले, "पट्टी संपते त्याच्या पुढं. समुद्राच्या बाजूला. बदामाखाली." चार दिवसांनी मी चूल पेटवली तर भाजीत घालायला घरात मीठ नव्हतं.

काम संपलं, कंपनीनं यांना कॅनडात आणलं, श्रीधर झाला. मी पुन्हा विचारलं नाही, यांनी पुन्हा सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी हे गेले. आणि आता तो पोरगा सांगत होता, की पट्टी लांब केलीय. कुठल्या बाजूला, ते काही त्यानं सांगितलं नाही. तेवढं बघायचं होतं मला. झाड आहे का, आणि असेल तर त्याखाली घटकाभर बसायचं. बाकी काही नाही.

आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी कामाचं. टोरंटोहून मोठ्या बेटापर्यंत मोठं विमान जातं, पुढं छोटं. आजी-आजोबा बरोबर असतील तर व्हीलचेअर मागाच. चालता येत असलं तरी मागा. मी राणीसारखी सगळ्या लायनीच्या पुढं गेले आणि श्रीधर मागून दोन बॅगा घेऊन धावत आला. विंटर जॅकेट बेसमेंटमध्येच ठेवा, गाडीपासून दारापर्यंत कुडकुडा, पण नेऊ नका. तिथं ते उशाखेरीज कशाला उपयोगी पडत नाही. शेंगदाण्याची चटणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. सिक्युरिटीतल्या पोरीनं डबा उघडून असं तोंड केलं, जसं काही मी बंदुकीची दारूच नेतेय. रेवानं समजावलं, "इट्स जस्ट पीनट्स. व्हेरी अँग्री पीनट्स." धपाट्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

मोठ्या बेटावर मुक्काम केला आणि सकाळी छोट्या विमानाशी गेलो. तिथं तुमचं वजन करतात. बॅगेचं नव्हे, तुमचंच. गुळाच्या ढेपी तोलायच्या असतात तसल्या काट्यावर एकेकाला पर्ससकट उभं करतात आणि त्याप्रमाणे कुणी कुठं बसायचं ते ठरवतात. श्रीधरला मागच्या सीटवर टाकलं.

"रोज सांगते डोनट कमी खा," मी म्हटलं.

"आई, लोक ऐकतायत."

"ऐकू दे. मराठी कुणाला कळतंय?"

मागून एक बाई फिसकन हसली. कॅल्गरीच्या निघाल्या, माहेर नागपूर. तर प्रवासात असं बोलू नका, मराठी माणूस कुठंही असतो.

मला वैमानिकाच्या मागची जागा मिळाली. डोंगर दिसला तेव्हा मी पुढं वाकले. आमच्या वेळी पट्टी आखूड होती. तिच्यापुढं थोडं रान, मग झाडं, मग वाळू. आता खाली बघते तर काळं डांबर थेट पाण्यापर्यंत गेलेलं, जसं कुणी जीभ बाहेर काढावी. झाडं नव्हती. एकही नव्हतं. चाकं टेकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेवानं माझा हात धरला आणि म्हणाली, "आजी, मे बी इट्स द अदर साइड." पोर प्रेमळ आहे. बेटाला सगळीकडून समुद्र असला तरी यांनी सांगितलेलं टोक मला माहीत होतं. आमची खोली त्याच बाजूला होती.

विमानतळ म्हणजे अजून तीच एक खोली, पत्र्याच्या छपराची, आत पंखा कुरकुरतोय. शेजारी नवी काचेची इमारत उभी आहे, तिच्या दारांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बॅगा एका खिडकीतून हातात देतात. पासपोर्ट बघणारी एकच मुलगी. तिनं विचारलं, कशाला आलात? श्रीधर म्हणाला, "व्हेकेशन."

"अँड यू, ग्रॅनी?"

माझं इंग्रजी ग्रोसरीपुरतं. पण हे मला येत होतं. "माय डॉटर," मी म्हटलं. "सी माय डॉटर."

"कुठं राहते ती?"

एवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. मी खिडकीतून पट्टीकडे बोट केलं. तिनं वळून पाहिलं. तिथं एक बकरी होती, दुसरं कुणी नव्हतं. मग श्रीधरनं खालच्या आवाजात तिला सगळं सांगितलं. तिनं शिक्का खाली ठेवला. म्हणाली, "बाहेर माझी आजी ब्रेड विकते. तिला भेटल्याशिवाय टॅक्सीत बसू नका." आणि यात नवल नाही. लहान बेटावर कुणालाही हात लावा, तो कुणाचा तरी नातू निघतो.

आजीचं नाव मिस ऑलिव्ह. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, डोक्याला फडकं, पुढ्यात नारळाचा गोड ब्रेड. नातीनं कानात सांगितलं तशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लाइटमनची बायको," ती म्हणाली. यांना तिथं लाइटमन म्हणायचे. तिचा नवरा यांच्या हाताखाली चर खणायचा. माझ्या लेकीसाठीही त्यानंच खणलं होतं.

मग ती बोलत गेली आणि रेवा मला मराठीत सांगत गेली. अडखळत, अर्धं इंग्रजीत, पण सांगत गेली. पट्टी वाढवायला माणसं आली तेव्हा मिस ऑलिव्हचा नवरा काठी टेकत त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला, की इथं लेकरू आहे. त्यांनी काम थांबवलं. पाद्री आला. बदामाखाली हातानं माती उकरली, यंत्र लावलं नाही. काही सापडलं नाही. कापडाची चिंधीसुद्धा नाही. मग प्रार्थना केली, झाड तोडलं आणि डांबर घातलं. त्यानंतर तिचा नवरा फार दिवस जगला नाही.

मी म्हटलं, "मीठ घातलं होतं ना. मीठ काही ठेवत नाही."

रेवानं ते तिला सांगितलं नाही.

मिस ऑलिव्हनं माझं मनगट धरलं. "तू का आली नाहीस त्या दिवशी? मी झाडाखाली तुझी वाट बघत होते."

"आमच्यात बायका जात नाहीत."

"मग आईच्या जागी कोण जातं?"

आमच्यात त्या जागी कुणीच जात नाही.

"मी गेले," ती म्हणाली. "लाइटमन म्हणाला, बाई नको. मी म्हटलं, हे माझं बेट आहे. मी उभी राहिले, मी गायलं. सगळं संपेपर्यंत गायलं."

इतकी वर्षं मी तिथं दोन पुरुष आणि एक फावडं एवढंच बघत आले होते. तिथं एक बाई होती, हे यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण यांना बोलायचं म्हणजे कुणी पगारातून कापून घेतल्यासारखं व्हायचं.

शेवटचं विमान गेल्यावर, ऊन उतरताना, पासपोर्टवाल्या मुलीनं साहेबाची परवानगी काढली. पातळावर पिवळं चमकदार जाकीट चढवून मी जीपमध्ये बसले. रेवानं फोटो काढला आहे, पण तो मी इथं टाकू देणार नाही. रस्ता खणणाऱ्या नगरपालिकेची मुकादम दिसतेय. जीप अगदी टोकाशी थांबली. मिस ऑलिव्हनं समुद्राकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, थोडी चालली आणि एका जागी हातातली काठी टेकवली.

तिथं डांबरावर पांढऱ्या रंगात काहीतरी मोठ्ठं लिहिलेलं होतं. एकेक अक्षर आमच्या खोलीएवढं.

"काय लिहिलंय गं?" मी रेवाला विचारलं.

"नंबर आहे आजी. झीरो नाइन. पायलटला कळावं म्हणून, कुठल्या दिशेनं जायचं ते."

माझ्या लेकीच्या अंगावर कुणीतरी आकडा लिहिला होता आणि तो एवढा मोठा की जमिनीवरून मला वाचता येत नव्हता.

मी बसले. माझे गुडघे बसू देत नाहीत, पण बसले. डांबर तापलेलं होतं. झाडाची सावली असती तर गार लागलं असतं, एवढंच मनात आलं. दुसरं काही मोठं मनात आलं नाही. श्रीधर बराच वेळ लांब उभा राहिला, मग माझ्याशेजारी मांडी घालून बसला, ऑफिसच्या पँटसकट.

"आई, तिचं नाव काय होतं?"

"कुसुम."

"कुणासारखी होती?"

"तुझ्यासारखी. पण ती कमी खायची."

तो हसला आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. मिस ऑलिव्ह गायला लागली. शब्द मला कळले नाहीत, चालही लक्षात राहिली नाही. विचारू नका.

पुढचे दोन दिवस आम्ही पर्यटकांसारखे वागलो. तुम्हीही वागा, बेट सुंदर आहे. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाव ठरवा आणि सुटे डॉलर जवळ ठेवा. मासे दुपारीच खा, संध्याकाळी शिळे असतात. फणसासारखं एक फळ भाजून देतात, बटाट्यासारखं लागतं. त्याच्याबरोबर आमची चटणी झकास लागली असती, पण ती टोरंटोला अडकली. बेटाचं नाव मात्र मी सांगणार नाही. रेवा म्हणते, आजी, ट्रॅव्हल ब्लॉगमध्ये नाव नाही असं कसं चालेल? चालेल. पट्टी तुमच्यासाठीच लांब केलीय. मी रागवत नाही, मीही विमानानंच गेले. पण आमंत्रण माझ्याकडून नको.

निघताना पुन्हा वजन झालं. मिस ऑलिव्हनं दिलेल्या ब्रेडमुळे मी जड भरले. विमान आधी हळूहळू टोकाकडे निघालं, आणि खिडकीतून तो पांढरा आकडा येताना दिसला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. निजलेल्या लेकराला ओलांडायचं नसतं, त्याची वाढ खुंटते. चुकून ओलांडलंच तर उलट्या बाजूनं परत ओलांडायचं, म्हणजे फिटतं. येताना आम्ही तिला ओलांडून आलो होतो. आणि आता विमान आपणहून उलटं चाललं होतं. आकडा खालून गेला. मी रेवाला म्हटलं, "फिटलं बघ."

तेवढ्यात विमान टोकाशी गर्रकन वळलं आणि पुन्हा त्याच्यावरूनच धावत सुटलं.

मी वैमानिकाच्या पाठीवर हात मारणार होते. मग राहू दिलं. तिची वाढ कधीच खुंटलीय. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आणि ठाऊक असतं तरी त्यानं वळायचं कुठं? पुढं डोंगर, मागं समुद्र.

घरी आलो तर ड्राइव्ह-वेवर नवा बर्फ. ब्रेड आठवडाभर पुरवला. काय मिळालं म्हणाल तर, झाड बघायला गेले होते, झाड मिळालं नाही. उशीर झाला. ते दुःख आहे, ते कमी झालेलं नाही, आणि मी तुम्हाला उगाच गोड काही सांगणार नाही. यांच्यावर थोडा राग आहे, तो फोटोपुढं रोज उदबत्ती लावताना सांगते. आता ऐकून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

एक मात्र झालं. परवा नव्यानं राहायला आलेली पुण्याची एक मुलगी चहाला आली. नवऱ्याला इथं नोकरी लागलीय, ओळखी करत फिरते. बोलता बोलता तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला मुलं किती?" या प्रश्नाला माझं उत्तर पाठ आहे, गेली कित्येक वर्षं एकच. मी तोंड उघडलं, तर स्वयंपाकघरातून, चहा गाळता गाळता, श्रीधर म्हणाला, "आम्ही दोघं. ताई आणि मी."

ताई म्हणाला. आठ महिन्यांच्या पोरीला, डोक्याला टक्कल पडलेला माझा घोडा, ताई म्हणाला.