ठकीचा हलका हात

रात्रपाळीच्या माणसाला सगळं कळतं, पण तो झोपल्यावर घरात काय चालतं ते कळत नाही. कळणार कसं? तो घोरत असतो.

हा आमचा भट्टीवाला तसलाच. पावाच्या कारखान्यात रात्रभर भट्टीपुढे उभा राहायचा आणि उजाडल्यावर घरी येऊन जो आडवा व्हायचा, तो संध्याकाळपर्यंत. दोन खोल्यांचं घर, मधे नुसता पडदा. एकदा दिवसाची झोप झाली नाही, भट्टीपुढे डुलकी लागली आणि गड्याने कोपरापर्यंत हात भाजून घेतला. तेव्हापासून बायकोने घराचा आवाजच बंद केला. भांडी फडक्यावर ठेवायची, बिजागऱ्यांना तेल घालायचं, कडीसुद्धा मधे बोट घालून लावायची. त्यांची एकुलती एक लेक ठकी, वय वर्षं नऊ, चालायला शिकली तीच चवड्यांवर.

आणि या पोरीला शिकायचं होतं काय, तर पियानो! आता बोला. तिची आई शिवणकाम करायची. पियानो शिकवणाऱ्या एका बाईंचे कपडे ती शिवून द्यायची आणि त्या बदल्यात बाई ठकीला शिकवायच्या. घरी सरावासाठी आईने पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आखून दिल्या होत्या. त्यावर बोटं नाचवत पोरगी दुपारभर बसायची. ना आवाज, ना तक्रार.

शेवटी बाईंनीच निरोप धाडला. "पुठ्ठ्यावर जेवढं येणार होतं तेवढं आलं. आता साधा डिजिटल पियानो घ्या. मोठा नको, महाग नको, पण पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड हव्यात. हळू दाबलं की हळू वाजायला हवा, जोरात दाबलं की जोरात. खेळणं आणलंत तर हात बिघडेल, मग मी शिकवायची नाही."

घ्या म्हणे! दोघांनी पोटाला चिमटा काढून थोडंफार गाठीला बांधलं होतं, ते घेऊन भट्टीवाला पाळी संपल्यावर तसाच दुकानात गेला. भुवयांवर पीठ, डोळे तांबारलेले. वाटेत घरून घेतलेली ठकी बोट धरून बरोबर.

त्याच्या पैशात बसतील असे दोनच होते. एक चकचकीत, हलक्या पट्ट्यांचा, त्यात म्हणे दोनशे ताल. दुसरा काळा, साधा, गेल्या सालचा, पण पट्ट्या जड. त्याला पाय नव्हते, ते वेगळे विकत घ्यायचे. भट्टीवाला भिंतीला टेकून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दाब गं दोन्ही. लवकर आटप."

ठकीने चकचकीतवर बोटं ठेवली. वाजला. मग काळ्यावर ठेवली. काहीच नाही! पट्ट्या खाली जात होत्या, वर येत होत्या, आवाजाचा पत्ता नाही.

"बंद पडलेला माल गळ्यात मारताय होय?" भट्टीवाला उखडला. झोप नसली की त्याला राग लवकर यायचा.

दुकानदाराने एका बोटाने पट्टी दाबली. दुकान दणाणलं. ठकी दचकली आणि तिने आधी बापाकडे पाहिलं.

"आता तू," दुकानदार म्हणाला. ठकीने दाबलं. पुन्हा चिडीचूप.

"पोरीत ताकदच नाही हो," भट्टीवाला कंटाळून म्हणाला. "तो दुसराच बांधा. बाईंना सांगू काहीतरी."

"थांबा हो. जड पट्टी फार हलकी दाबली की वाजतच नाही. बाळा, जोरात दाब की. कुणाला घाबरतेस?"

"घाबरत नाही," ठकी कुजबुजली. "बाबा झोपतात ना."

"अगं, ते तर इथे बसलेत! जागे आहेत!"

ठकीने खात्री करायला वळून पाहिलं. पोरीचं तरी काय चुकलं? बापाचे डोळे तेव्हाही अर्धे मिटलेलेच होते.

इतकी वर्षं आपण झोपलो ते हिच्या उरावर झोपलो, असं भट्टीवाल्याला वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. त्याने काळा घेतला. दुकानदाराने वर हेडफोन दिले. "हे लावले की बाहेर आवाज नाही. तुम्ही खुशाल झोपा." भट्टीवाल्याने ते निमूट घेतले. खोटं कशाला सांगा, त्याला बरंच वाटलं.

पाय घ्यायला पैसे उरले नव्हते. बायकोने कापड बेतायचं टेबल रिकामं करून दिलं. ठकी हेडफोन लावून बसली, भट्टीवाला पडद्याआड पडला. खट खट, पट्ट्यांचा तेवढा बारीक आवाज. त्याला झोप येईना. चरफडत उठला आणि त्याने हेडफोनची वायर उपटली.

"आता असं वाजव. मला ऐकायचंय."

ठकीने वाजवलं. आधी नुसतीच पुटपुट, मग जरा बरं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. ऐकत राहिला म्हणजे काय, दुसऱ्या ओळीला त्याची मान कलली.

जाग आली तेव्हा कामावर निघायची वेळ झाली होती. घर शांत. ठकी पियानोपुढे, हात मांडीवर.

"थांबलीस का गं?"

"तुम्हाला झोप लागली ना."

"तेव्हापासून अशीच बसलीयेस?"

तिने मान डोलावली. भट्टीवाल्याला रडूच यायचं बाकी राहिलं. तोंड न धुताच तो तिच्याजवळ खाली बसला.

"दाब. सगळा जोर लाव. पाळी गेली खड्ड्यात."

ठकीने दोन्ही हात उचलले आणि दाणकन आणले. भिंत हादरली.

"हळू!" पडद्याआडून बायको सवयीने ओरडली. "बाबा झोपलेत!"

"जागा आहे!" भट्टीवाला तिच्याहून मोठ्याने ओरडला. "बाबा जागा आहे! तू वाजव गं!"