गॅरेजचं बटन कुठं बसवायचं

घराचं फिटिंग करताना लोक पंख्याची, टीव्हीची जागा हसत दाखवतात. गॅरेजपाशी आलं की आवाज बारीक होतो. शटर उचलल्यापासून बटनाला हात पोचेपर्यंत जो अंधार असतो, त्याला भलेभले भितात. मीही भितो. मी आणि दत्तूनं वीस वर्षं बाबूराव मिस्त्रींच्या हाताखाली वायरिंग केलं, त्यामुळं अशा बटनांचे किस्से आमच्याकडं आपोआप साठत गेले.

* * *

मुरुमच्या एका आडत्याचं बटन पार आत, पोत्यांच्या थप्पीमागं होतं. ते शटरापाशी आणायचं काम. मी चाचपडत आत गेलो, बोर्डाखाली काहीतरी हाताला लागलं.

"दत्तू, ही केबल लई जाड हाय रं," मी म्हणालो.

तेवढ्यात केबल सरकली. मी बाहेर कसा आलो ते मला आजही आठवत नाही. धामण होती, पण ते मिस्त्रींनी तिला काठीनं बाजूला काढल्यावर कळलं.

आडत्या मात्र शांत. म्हणाला, "म्हून तर म्हनलं, बटन फुडं घ्या."

* * *

तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. तिथल्या एका दादांना गॅरेजात बटन नकोच होतं. ठिणगी पडली तर? बरं, बाहेरच्या भिंतीवर बसवू म्हणून दत्तूनं ड्रिल काढलं, तर त्यांनी त्याचा हातच धरला. त्यानं छन्नी काढली.

"छन्नीनं बी ठिणगी पडती."

शेवटी वीस पावलांवरच्या न्हाणीच्या भिंतीवर बटन गेलं. निघताना मी घाबरत विचारलं, "दादा, आत माल किती हाय?"

"माल कुठला? नुसती मोटरसायकल हाय."

"मग एवढं कशाला?"

"आवं, शेजाऱ्यानं काय ठिवलंय ते त्यो कुठं सांगतोय?"

दत्तूनं आमची गाडी चौकापर्यंत ढकलत नेली आणि मग किक मारली.

* * *

तामलवाडीच्या गुरुजींनी एका दिव्याला दोन बटनं करून घेतली, एक गॅरेजात आणि एक स्वयंपाकघरात. दिवा घालवून अंधारातून परत यायला नको, एवढाच हेतू. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी गॅरेजात असताना त्यांच्या घरच्या बाईंनी स्वयंपाकघरातून दिवा घालवला.

गुरुजी गाडीत शिरले, काचा वर केल्या आणि हॉर्न दाबून धरला. बाईंना वाटलं, चोर शिरला. त्यांनी शटर ओढून कुलूप घातलं आणि गल्ली गोळा केली!

कुलूप निघालं तेव्हा गुरुजी घामानं निथळत होते. मिस्त्रींना म्हणाले, "स्वयंपाकघरातलं बटन काढून टाका. अंधार परवडला."

परतीच्या वाटेवर मिस्त्री हसतच होते. त्यांना कधी कशाची भीती वाटलेली आम्ही पाहिली नव्हती.

* * *

आता मिस्त्रींनी काम सोडलंय. त्यांची बायको, आमच्या मामी, वारल्या, मुलगा पुण्यात, घरात ते एकटेच. मागच्या महिन्यात त्यांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्याच गॅरेजातलं बटन हलवायचं होतं.

दत्तूनं नेहमीसारखी खांद्याएवढ्या उंचीवर खूण केली.

"खाली घे," मिस्त्री म्हणाले.

त्यानं कमरेएवढी केली.

"आजून खाली."

दत्तू वाकला, गुडघ्यापाशी आला. मिस्त्रींनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. काठी टेकत ते खाली बसले आणि सावकाश गाडीशेजारी फरशीवर आडवे झाले. भिंतीकडं हात लांब केला. बोटं पोचली तिथं, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांनी रेघ ओढली.

मला ते बघवेना. "मिस्त्री, एवढं खाली कशापायी?" मी विचारलं.

ते पडल्या पडल्याच म्हणाले, "मागल्या बारीला पडलो तवा हात इथवरच पोचला व्हता."