मावसाजींच्या दारातला बाजार

वऱ्हाडात भित्री माणसं मी काही कमी पाहिली नाहीत, पण भीतीला ज्यानं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, वेळच्या वेळी खाऊपिऊ घातलं आणि एक दिवस उपाशी निजू दिलं नाही असा माणूस एकच, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मावसाजींना बैलाचं भेव होतं, गाईचं होतं, आणि 'मोठं झाल्यावर त्याचा बैलच होते ना' या हिशेबानं वासराचंही होतं. गाव आमचं नांदुऱ्याच्या अलीकडचं, रेल्वेलाइनीवरचं. दिवसातून कितीदा तरी गाडीची शिट्टी व्हायची आणि दर शिट्टीला मावसाजी हातातला कप खाली ठेवायचे. स्वतः गाडीत बसले ते नोकरीत बदली झाली तेव्हाच, तेही डोळे मिटून, खिडकीचा गज धरून. "रूळ कोनाच्या भरोशावर पडून आहेत तिथं?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी शाळामास्तर, सगळ्यांना उत्तरं देणारा. मी त्यांना स्टेशनमास्तराकडे बोट दाखवलं.

देवी टोचणारा गावात आला म्हणजे लहान पोरं पळायची. मावसाजी पळत नसत. तहशिलीत नाझर म्हणून पेन्शन घेतलेला माणूस, पळणं शोभलं नसतं. ते शांतपणे उठून माजघरातल्या ज्वारीच्या कणगीत जाऊन बसत. एकदा मावशी दळणाची ज्वारी काढायला गेली, झाकण उचललं, तर आतून आवाज आला, "गेला का वं?" मावशीनं झाकण परत ठेवलं आणि म्हणाली, "चहा पिऊन राह्यला तो. बसा अजून." मी तिथं भाड्यावाचून राहणारा भाचा, मला हसायची चोरी! भिंतीकडे तोंड करून हसलो झालं.

असा माणूस गावच्या कमेटीवर कसा गेला, हे सांगायलाच हवं. त्या काळी आमचा कारभार नागपुराहून चाले, साहेब बुलढाण्याहून घाट उतरून येई, आणि तो येणार म्हटलं की तहसीलदार दिसेल त्या पांढऱ्या टोपीला कमेटीवर घेई. मावसाजींना त्यानं रस्त्यात गाठून विचारलं. नाही म्हणायचं भेव वाटलं म्हणून हे हो म्हणाले, आणि हो म्हणून बसलो याचं भेव वाटून घरी येऊन भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून पडले.

पण त्यांचं सगळ्यांत मोठं भेव दर शुक्रवारी त्यांच्या दारात येऊन बसायचं. गावचा आठवडी बाजार नेमका त्यांच्या घरापुढच्या निंबांखाली भरे. सकाळी गाड्या सुटायच्या, बैल थेट ओट्याला पाठ घासायचे, मिरचीवाले पोती झटकायचे, दुपारपर्यंत कुठं ना कुठं मारामारी लागायची. मावसाजी गुरुवारी संध्याकाळपासूनच खिडक्यांच्या खिट्ट्या तपासत. "इतक्या मानसात एकाले तरी पटकी झाली असन ना बे?" असं मला विचारत. मी म्हणायचो, "नसेल हो मावसाजी." तर म्हणत, "तुले काऊन माहीत? तू काय नाडी पाह्यली सगळ्याइची?"

आणि त्याच शुक्रवारी माझी मावशी सणासारखी नटून ओट्यावर बसे. तिचं माहेर पूर्णा नदीपलीकडं. मागे एकदा बैलगाडीतून पडून तिची कंबर अधू झाली होती. घरातल्या घरात भिंत धरून चाले, पण गाडीत बसणं कायमचं बंद झालं. माहेर तुटलं म्हणायचं, पण तिच्या गावच्या बाया शुक्रवारी भाजीच्या पाट्या घेऊन यायच्या आणि हटकून तिच्या ओट्याखालीच बसायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं रुसून माहेर गाठलं, भावाच्या पोराला दात आले, सगळं तिला तिथं कळे. त्या बाया आल्या म्हणजे मावशी अशी खळखळून हसायची की ती अधू आहे हे मीसुद्धा विसरायचो.

तर त्या वर्षी गावात टूम निघाली की बाजार इथून उठवून स्टेशनाजवळच्या माळावर न्यावा. टूम जिनवाल्या शेटची. त्याची सरकी-रुईची जिन स्टेशनाजवळ, शेतकरी बाजाराला तिकडेच आला तर कापूसही तिकडेच उतरेल, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आड आले पाटील, कारण निंबांच्या आसपासची सगळी जागा त्यांची. दोघंही तालेवार, दोघांच्याही मिशा मोठ्या, आणि गाव दोघांच्या मधे जात्यातल्या दाण्यासारखं. कापूस शेटला घालायचा, वावर पाटलाच्या बांधाला. लोक पारावर बसून आधी इकडंतिकडं पाहायचे आणि मग हवापाण्याचं बोलायचे. खरं सांगतो, त्या महिन्यात आमच्या गावात सगळेच मावसाजी झाले होते.

मावसाजी कुठल्या बाजूचे, याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. दारातली पीडा जाते म्हटल्यावर हा माणूस शेटच्या पायावर डोकं ठेवील, असं मलाही वाटत होतं. शेटनं रस्त्यात थांबून "नाझरसाहेब, तुमचं मत तं घरचंच आहे," असं म्हटलंही होतं, आणि मावसाजींनी घाबरून मान डोलावली होती. त्या दिवशी जेवताना मी मावशीला म्हटलं, "आता शुक्रवारी सुखानं झोप दुपारची." ती भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "हाव. मंग मले काय, झोपच आहे. बाजार गेला तं माह्यं माहेर गेलं." एवढंच. तक्रार नाही, रडणं नाही. मावसाजींचा हात ताटात तसाच राहिला. नंतर चार दिवस ते खिडक्यांच्या खिट्ट्या तपासायचेही विसरले, आणि भिऊन ते शेटलाच मत देतील म्हणून मला पहिल्यांदा त्यांच्या भीतीची भीती वाटली.

कमेटीची सभा माझ्याच शाळेत भरली. किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही दाराशी उभा. शेट एका खुर्चीवर, पाटील दुसरीवर, आणि मधे पाचावर धारण बसलेली मेंबर मंडळी. हात वर करून मत द्यायचं म्हटलं तेव्हा एकाचाही हात मांडीवरून हलेना. शेवटी बैलबाजारातला म्हातारा दलाल, तोही मेंबरच, म्हणाला, "रुमालाखाली घ्या नं. कोनाले समजत नाई, कोनाचं वैर नाई." आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट दाबलं तर बाजार इथंच, दोन दाबली तर स्टेशनावर, असं ठरलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

पण झालं काय, हात रुमालाखाली गेला की माणूस मेंबर राहीना, बैलवाला होई! आणि पहिल्या दाबाला खरा भाव सांगतो तो बैलवाला कसला? एकानं चार बोटं दाबली. दुसऱ्यानं अर्धं पेर दाबून दलालाचा चेहरा न्याहाळला. तिसरा तर हात झटकून दारापर्यंत चालत गेला, मागून हाक येईल म्हणून. दलालही जन्माच्या सवयीनं "अजून चढा थोडं, चढा" म्हणून गेला. मग स्वतःच कपाळावर हात मारून ओरडला, "अरे बाप्पाहो, गोऱ्हा नाई विकून राह्यलो मी! बाजार कुठं ठिवाचा ते सांगा!"

हसण्यानं शाळेचं छप्पर हललं, पण शेटनं घसा खाकरला आणि सगळं परत चिडीचूप. दुसऱ्या फेरीला दलालानं एकेकाला गळ्याची आण घातली. मतं पडली ती बरोबर निम्मी-निम्मी. राहिले होते फक्त मावसाजी.

ते उठले, आधी दारात माझ्यामागं बैल नाही ना ते पाहून घेतलं. शेट त्यांच्याकडे पाहून मंद हसला. मावसाजींनी हात पुढं केला, दलालानं रुमाल टाकला, आणि का कोण जाणे, मावसाजींनी डाव्या हातानं तो रुमाल ओढून काढला. भर सभेत, दोघांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी एक बोट वर केलं. ते बोट असं कापत होतं की दुसऱ्या हातानं त्याला धरावं लागलं.

"रुमाल काऊन काढला जी?" दलाल म्हणाला.

"हात कापते माह्या," मावसाजी म्हणाले. "रुमालाखाली एकाचे दोन समजले असते तुम्ही. एकच आहे. पाहून घ्या सगळे. बाजार इथंच राहू द्या. घरच्याइले पूर्णेपलीकडं जाता येत नाई."

एवढं बोलून ते मटकन खाली बसले. शेट उठून गेला. मी त्यांना धरून घरी आणलं, तर वाटभर एकच, "मावशीले सांगू नको. उपकार मानत बसन." त्यानंतर आठ-पंधरा दिवस ते तापानं फणफणले होते, दाराची कडी वाजली की "शेटचा मानूस असन" म्हणायचे. शेटनं काहीच केलं नाही. मावशीला अर्थात त्याच शुक्रवारी सगळं कळलं, पण आपल्याला कळलंय हे तिनं जन्मभर त्यांना कळू दिलं नाही. तीही काही कमी नव्हती.

मावशी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी बाजार स्टेशनावर गेला. कुणी वाद घातला नाही, मावसाजींनीही नाही. माझं तोवर स्वतःचं बिऱ्हाड झालं होतं. एका शुक्रवारी सहज त्यांच्याकडे गेलो. निंबांखाली शुकशुकाट, ना बैल, ना मिरची, ना भांडण. मावसाजी मावशीच्या जागी ओट्यावर बसले होते, मागच्या खिडक्या सताड उघड्या टाकून. मी म्हटलं, "आता निवांत झालं, नाही का?"

त्यांनी सरकून ओट्यावर माझ्यासाठी जागा केली. मग म्हणाले, "शुक्रवारचा येत जाशीन का बे? लय भेव वाटते."

मी जात राहिलो, ते होते तोवर.